प्रजननक्षमतेचा पाया पाळण्यातच!

मुंबई, प्रतिनिधी - बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असे म्हणतात. पुरुषाच्या प्रजननक्षमतेबाबत ही म्हण बरीचशी खरी ठरते. मुलगा वयात येतो तो बारा-तेराव्या वर्षी. मात्र पुढे त्याच्या शरीरात शुक्राणू किती प्रमाणात तयार होणार, याची पायाभरणी जन्माच्या आधी आणि नंतरच्या थोड्या काळातच सुरू झालेली असते. हे काम संप्रेरके म्हणजेच हार्मोन्स करतात. या नाजूक काळात बाहेरील रसायनाने ढवळाढवळ केल्यास काय घडते, याचा शोध परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी घेतला. प्रयोग उंदरांवर झाला असला, तरी त्याचा संबंध अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या घरांतील दुधाच्या बाटलीशी आहे.

पेशींची संख्या आधीच ठरते

वृषणात दोन प्रकारच्या पेशी महत्त्वाच्या असतात. लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतात, तर सर्टोली पेशी शुक्राणूंचे पोषण करतात. एक सर्टोली पेशी ठराविक संख्येइतक्याच शुक्राणूंचा सांभाळ करू शकते. त्यामुळे या पेशी जितक्या अधिक, तितकी शुक्राणूनिर्मितीची क्षमता अधिक. उंदराच्या पिल्लात त्यांची वाढ जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांतच थांबते. माणसात ती बाल्यावस्थेत व वयात येण्याच्या सुमारास होते. त्यानंतर मात्र संख्या वाढत नाही.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे एफएसएच हे संप्रेरक या पेशींना वाढीचा आदेश देते, तर थायरॉइडचे संप्रेरक 'आता वाढ पुरे, कामाला लागा' असा संदेश देते. नवजात उंदरांमध्ये थायरॉइडचे संप्रेरक तात्पुरते कमी केल्यास सर्टोली पेशी अधिक काळ वाढत राहतात आणि मोठेपणी वृषणांचा आकार नेहमीपेक्षा मोठा होतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

पहिले सहा महिने

मानवी बाळातही जन्मानंतर असाच एक काळ येतो. आईच्या व वारेच्या संप्रेरकांचा प्रभाव ओसरताच बाळाची पीयूषिका जागी होते. पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात मुलाच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन लक्षणीय वाढते आणि सहाव्या महिन्यापर्यंत पुन्हा खाली येते. त्यानंतर ही यंत्रणा थेट पौगंडावस्थेपर्यंत शांत राहते.

पालकांच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक अर्थ आहे. पोटात तयार झालेले वृषण जन्मापूर्वी अंडकोशात उतरणे अपेक्षित असते. पूर्ण दिवसांच्या शंभरांपैकी सुमारे तीन मुलांत ते उतरलेले नसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरेच जास्त असते. बहुतेकांमध्ये ते पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र ही शक्यता फारशी उरत नाही. म्हणूनच 'मोठा झाला की होईल ठीक' म्हणून थांबणे योग्य नव्हे. शस्त्रक्रिया साधारणतः सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करावी, असे डॉक्टर सांगतात. विलंब झाल्यास प्रजननक्षमतेवर परिणाम होतो व पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो.

परळचा प्रयोग

बिस्फेनॉल-ए हे पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकमधील रसायन शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागते. परळच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या नर पिल्लांना जन्मानंतरचे पहिले पाचच दिवस हे रसायन टोचले. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हे नर मोठे झाल्यावर त्यांच्यात शुक्राणूंची संख्या घटली, संप्रेरकांचे प्रमाण बिघडले आणि त्यांच्यापासून माद्यांना होणाऱ्या पिल्लांची संख्याही कमी झाली. सर्टोली पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या प्रथिनांतही बदल आढळले.

अर्थात, उंदराला जे झाले तेच माणसाला होईल, असे नाही. प्रयोगात रसायन त्वचेखाली टोचले होते. अन्नावाटे गेलेल्या रसायनाचा बराचसा भाग यकृत निकामी करते. तरीही पाच दिवसांचा परिणाम जन्मभर टिकतो, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही. युरोपीय संघाने २०११मध्ये बाळांच्या बाटल्यांत या रसायनाच्या वापरावर बंदी घातली. भारतात २०१५च्या मानकानुसार दुधाच्या बाटलीत बिस्फेनॉल-ए असता कामा नये.

पालकांनी काय करावे?

दुधाच्या बाटलीवर आयएसआय चिन्ह असणे १९९२च्या कायद्यानुसार आवश्यक आहे. रस्त्यावरील स्वस्त, चिन्ह नसलेली बाटली घेऊ नये. जुन्या, ओरखडे पडलेल्या कडक प्लॅस्टिकमध्ये गरम दूध ओतू नये. उष्णतेने रसायन अधिक प्रमाणात उतरते. स्टीलची वाटी-चमचा हा जुना मार्ग अधिक सुरक्षित आहे. आणि पहिले सहा महिने केवळ आईचे दूध दिले, तर बाटलीचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय, लसीकरणासाठी बाळाला नेताना वृषण उतरले आहेत की नाही, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. संकोचापोटी न विचारलेल्या या एका प्रश्नाची किंमत मुलाला वीस-पंचवीस वर्षांनी मोजावी लागू शकते.