मुदतवाढ : मागितलेली आणि न मागितलेली

जाणण्याचा हक्क : लेखांक सातवा

माहितीचा अर्ज जोडपत्र 'अ'च्या नमुन्यात कसा लिहावा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प का लावावा आणि प्रश्न मोघम न ठेवता कागदपत्रांचा नेमका निर्देश कसा करावा, हे मागील लेखांकात पाहिले. असा अर्ज कचेरीच्या आवक बारनिशीत नोंदला जाऊन त्याच्या स्थळप्रतीवर तारखेचा शिक्का उमटला, की दिवसांची गणना सुरू होते. आणि माहितीच्या कोणत्याही कायद्याची खरी कसोटी याच गणनेत लागते, कारण प्रजेचा हक्क तत्त्वतः मान्य करणे राज्यकर्त्यांना फारसे जड जात नाही. तो अमुक दिवसाच्या आत पुरा करीन, असे स्वतःला बांधून घेणे मात्र त्यांच्या जिवावर येते.

अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. 1966 साली तेथे माहितीस्वातंत्र्याचा कायदा झाला, तेव्हा उत्तर किती दिवसांत द्यावे याविषयी त्यात निश्चित मर्यादा घातलेली नव्हती. पुढे 1974 साली, वॉटरगेट प्रकरणाने सरकारी गुप्ततेविषयी लोकमत प्रक्षुब्ध झालेले असताना, अध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने त्यात दुरुस्ती केली आणि कामकाजाच्या दहा दिवसांची मुदत घालून दिली. त्याच वेळी विशेष परिस्थितीत आणखी दहा दिवस घेण्याची मुभाही ठेवली; परंतु ती परिस्थिती कोणती हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोपवता कायद्यानेच सांगितले. कागद दूरच्या कचेऱ्यांतून मागवावयाचे असतील, त्यांचा संभार प्रचंड असेल, किंवा दुसऱ्या खात्याशी विचारविनिमय केल्यावाचून गत्यंतर नसेल, तरच ही सवलत घ्यावयाची आणि तीही सबब व नवी तारीख अर्जदाराला लेखी कळवून. मूळ मुदत 1996 च्या दुरुस्तीने वीस दिवसांची झाली.

एवढा बंदोबस्त असूनही वाट निघालीच. 1976 सालच्या 'ओपन अमेरिका' या खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने असे ठरविले, की अपेक्षेपलीकडे अर्ज येऊन पडले असतील आणि खाते ते सचोटीने क्रमवार निकालात काढीत असेल, तर न्यायालयाने त्याला अधिक अवधी द्यावा. वस्तुस्थिती पाहता हा निर्णय अन्याय्य म्हणता येणार नाही. पण तुंबलेले काम हीच पुढील तुंबण्याची सबब होण्याचा धोका त्यात होता, आणि तो ओळखूनच 1996 च्या दुरुस्तीने अशी पुस्ती जोडली, की नित्याची, आधीच दिसत असलेली थकबाकी ही अपवादात्मक परिस्थिती समजली जाणार नाही. ती कमी करण्यात वाजवी प्रगती झाल्याचे खात्याने दाखविले पाहिजे.

आपला 2005 चा अधिनियम याहून कडक दिसतो. जन माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत, आणि कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत, माहिती द्यावी किंवा कारणे देऊन नाकारावी. स्वस्थ बसल्यास त्याने नकार दिला असे मानले जाते, त्यानंतरची माहिती विनामूल्य द्यावी लागते, आणि रास्त कारणावाचून झालेल्या विलंबाबद्दल दिवसाला 250 रुपयांप्रमाणे 25,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती त्रयस्थ व्यक्तीने विश्वासाने दिलेली असल्यास तिचे म्हणणे ऐकण्यासाठी एकूण चाळीस दिवस मिळतात, आणि अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असल्यास तो तिकडे पाठविण्यास पाच. पण 'काम फार आहे, महिनाभर थांबा' असे म्हणून स्वतःची मुदत स्वतःच वाढविण्याची सोय या अधिकाऱ्याला कोठेच ठेवलेली नाही.

मग विलंब होतो कसा? त्याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका रस्त्याच्या ठेक्याची मोजमाप पुस्तिका मागितली. सत्तावीस दिवस काही हालचाल होत नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी जावक क्रमांक पडून एक पत्र रवाना होते : पृष्ठे सात, दर पृष्ठास दोन रुपये, सबब चौदा रुपये भरावेत. कलम 7 च्या तिसऱ्या पोटकलमान्वये हे पत्र पाठविल्यापासून पैसे भरेपर्यंतचा काळ तीस दिवसांतून वगळला जातो. पत्र टपालात आठवडाभर राहिले, रोखपाल दोन दिवस रजेवर असला, तरी हा सारा काळ हिशेबाबाहेरच. सात पृष्ठे मोजण्यास अठ्ठावीस दिवस का लागावेत, असे विचारणारे त्या टेबलावर कोणी नसते. आणि कायद्याच्या एका अक्षराचाही भंग न होता चौदा रुपयांत मुदतवाढ पदरात पडते.

अपिलाच्या पायरीवर मर्यादा आणखी सैल होते. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने तीस दिवसांत, आणि कारणे लेखी नोंदवून फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. दुसरे अपील नव्वद दिवसांच्या आत माहिती आयोगापुढे जाते; मात्र आयोगाने ते किती दिवसांत निकालात काढावे, याविषयी अधिनियम मूक आहे. आयुक्तांची पदे रिक्त राहिली की प्रकरणे साचतात. या रिक्त पदांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2019 च्या फेब्रुवारीत, वेळेवर नेमणुका करण्याविषयी न्यायालयाला सरकारांना बजावावे लागले. म्हणजे कनिष्ठ अधिकाऱ्याला एका दिवसाचीही सूट न देणाऱ्या कायद्याने सर्वांत वरच्या पीठापुढे प्रकरणाचे भिजत घोंगडे बेमुदत पडू शकेल, अशी व्यवस्था करून ठेवली आहे.

उघड मुदतवाढीचे काय होते, हे स्कॉटलंडमध्ये दिसले. 2020 च्या एप्रिलात साथीच्या निमित्ताने तेथील संसदेने उत्तराची मुदत वीसवरून साठ कामकाजाच्या दिवसांवर नेली. तीवर टीकेचे मोहोळ उठले आणि मेअखेर, दोन महिन्यांच्या आतच, दुसऱ्या कायद्याने मूळ मुदत पुन्हा लागू झाली. मुदतवाढ कायद्यात लिहिलेली होती, तिला आकडा होता, म्हणून तिच्यावर वाद घालता आला आणि ती परतविताही आली. ज्या दिरंगाईला ना आदेश असतो ना तारीख, तिच्याविरुद्ध ठराव कशाचा मांडणार?

म्हणून आमचे मत असे, की अधिकाऱ्याला रास्त कारणासाठी, लेखी, एकदाच आणि मोजक्या दिवसांची मुदतवाढ देण्यात हक्काची फारशी हानी नाही. हानी आहे ती शेवटच्या आठवड्यात निघणाऱ्या शुल्कपत्रात आणि आयोगाच्या अमर्याद अवधीत. शुल्क कळविण्यास दहा दिवसांची आणि दुसऱ्या अपिलाच्या निकालास निश्चित दिवसांची मर्यादा अधिनियमात घातली, तर तीस दिवसांच्या मूळ तरतुदीला तिचा अर्थ परत मिळेल.

तोवर अर्जदाराने आपल्यापुरती दक्षता घ्यावी. शुल्काचे पत्र मिळताच पैसे भरून पावतीवर तारीख पाहून घ्यावी. तिसावा दिवस उत्तरावाचून उलटला, तर तगाद्याची पत्रे लिहीत बसू नये. पुढील तीस दिवसांत जोडपत्र 'ब'मध्ये, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, प्रथम अपील दाखल करावे, कारण ही मुदत अर्जदारावर बंधनकारक आहे आणि ती हुकल्यास विलंबाची कैफियत त्यालाच द्यावी लागते. या अपिलात कोणते मुद्दे मांडावेत, याचा विचार पुढील लेखांकात करू.