तोंडाशी आलेला सल्ला

"दिवसभर स्लॅबवर उभं राहून अंग मोडून येतं. रात्री क्वार्टर घेतली नाही तर डोळा लागत नाही. बाकी काही त्रास नाही मला. घरातलेच उगाच आकाशपाताळ एक करतात."

व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचं प्रशिक्षण चालतं, तेव्हा असा एखादा प्रसंग सरावासाठी समोर ठेवतात. एक प्रशिक्षणार्थी गवंडीकाम करणारा पेशंट होतो, दुसरी समुपदेशक होते, बाकीचे ऐकत बसतात. नवख्या समुपदेशकाचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. "पण दादा, रोज एवढी घेतली तर लिव्हरचं काय होतं, माहीत आहे ना? मुलांचा तरी विचार करा." हेतू चांगला आणि माहितीही खरी, तरी पेशंट झालेला माणूस अंग चोरून मागे रेलतो. "आमच्या चुलत्याने जन्मभर घेतली, त्याला काय झालं?" असं काहीतरी त्याच्या तोंडून निघतंच. सगळं लुटुपुटूचं आहे हे ठाऊक असूनही निघतं.

मग तोच प्रसंग पुन्हा. या वेळी समुपदेशक म्हणते, "कामाने शरीर पार थकतं, आणि दारूमुळे निदान झोप तरी लागते." एवढंच बोलून ती थांबते.

"झोप लागते हो. पण सकाळी उठवत नाही. परवा मुकादम चार माणसांत बोलला."

"ते लागलं तुम्हाला."

"लागणारच ना! इतकी वर्षं काम करतोय. प्लास्टर बघा माझं, ओळंबा लावून बघा."

"हाताला कसब आहे, त्याचा अभिमान आहे. आणि आता दारू त्याच्या आड यायला लागली आहे."

माणूस गप्प होतो, मान हलवतो. दारूबद्दल पहिला वाईट शब्द समुपदेशकाने काढलेला नाही. पहिल्या वेळी तो दारूची वकिली करत होता, दुसऱ्या वेळी तिच्याविरुद्धची साक्ष त्याने आपणहून दिली.

या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. तिच्यातलं सगळ्यात बारीक काम वरच्या संवादात आहे, पण ते चटकन दिसत नाही. समुपदेशकाच्या तिन्ही उत्तरांत एकही प्रश्न नाही. समोरचा जे बोलला, आणि बोलता बोलता जे अर्धवट सोडून गेला, ते तिने त्याच्यासमोर ठेवलं. वाक्य संपताना आवाज खाली उतरवावा, हेही शिकवावं लागतं. "ते लागलं तुम्हाला" हेच शब्द आवाज चढवून म्हटले की उलटतपासणी होते आणि माणूस पुन्हा सफाई द्यायला लागतो. प्रशिक्षणात अशा भेटींचं रेकॉर्डिंग ऐकून प्रश्न किती झाले आणि अशी विधानं किती झाली, याची मोजदाद करतात. प्रश्नांच्या दुप्पट विधानं असली, तर काम चांगलं चाललंय असं धरतात. नव्या माणसाचा हिशेब बहुतेकदा उलटा निघतो.

पद्धतीचं मूळ एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या निरीक्षणात आहे. विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दारूच्या समस्येसाठी आलेल्या लोकांवर नऊ समुपदेशक एकाच पद्धतीने उपचार करत होते, तरी त्यांचे निकाल सारखे नव्हते. सहा महिन्यांनंतरच्या निकालांतल्या तफावतीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग एकाच गोष्टीशी जुळत होता: समुपदेशक समोरच्याचं म्हणणं किती समजून घेत होता. दोनच वर्षांनी मिलर नॉर्वेत बर्गनजवळच्या एका उपचार केंद्रात होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना सरावाच्या मुलाखतीत मध्येच थांबवून विचारायचे, हेच का बोललात, दुसरं का नाही? त्या उत्तरांतून १९८३ चा पहिला लेख तयार झाला. पुढे स्टीफन रोलनिक त्यांना येऊन मिळाले आणि १९९१ मध्ये दोघांचं पुस्तक आलं.

त्या काळी अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती केंद्रांत दटावणी हा उपचाराचा भाग होता. व्यसनी माणूस खोटं बोलतो, सत्य नाकारतो, म्हणून आधी त्याचा तोरा मोडायचा, अशी समजूत होती. मिलर यांच्याच १९९३ च्या अभ्यासात वेगळं दिसलं. भेटीत समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकी त्या माणसाची दारू वर्षभरानंतर जास्त होती. आपल्याकडेही देवळात नेऊन शपथ घालणं, नातेवाइकांच्या बैठकीत उभं करणं, चारचौघांत कबुली घेणं यावर लोकांचा फार भरवसा आहे. त्यामागचं दुःख खरं असतं. उपाय म्हणून मात्र तो भरवसा चुकीचा आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

दारू सोडावी की नाही, यावर पिणाऱ्याच्या मनात वाद चालूच असतो. दोन्ही बाजू त्याच्याच असतात. समुपदेशकाने, बायकोने किंवा डॉक्टरने एक बाजू उचलली की दुसरी आपोआप त्याच्या वाट्याला येते. रस्सीखेचीत एकाने दोर सोडला की दुसऱ्याला ओढायला काही उरत नाही, तसं समुपदेशकाला करावं लागतं. तोंडाशी आलेला सल्ला परतवणं हा या कामातला रोजचा कष्टाचा भाग आहे. अनुभवी समुपदेशकालाही तो चुकत नाही.

नुसतं ऐकत बसणंही पुरेसं नाही. काय उचलायचं, काय जाऊ द्यायचं, याची निवड वाक्यागणिक करावी लागते. "बंद करावीशी वाटते", "करायला पाहिजे", "ठरवलं तर जमेल", "या शनिवारी पगार थेट घरी देणार" ही सगळी बदलाच्या बाजूची बोली, पण वजन वेगवेगळं. पॉल आम्राइन या भाषेच्या अभ्यासकाने २००३ साली मिलर यांच्याबरोबर अमली पदार्थ घेणाऱ्यांच्या मुलाखती तपासल्या. भेटीच्या शेवटाकडे येता येता ज्यांच्या बोलण्यात निश्चय वाढत गेला, त्यांचे पुढचे निकाल चांगले होते. म्हणून असं एखादं वाक्य आलं की समुपदेशक तिथे थांबते. "शनिवारी नेमकं कसं कराल?" असं विचारते. माणूस बोलत जातो तसा बेत पक्का होतो.

एक साधन अगदी साधं आहे. "शून्य ते दहामध्ये, दारू कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?" समजा उत्तर आलं, पाच. "मग दहा का नाही?" असं विचारलं, तर तो न सोडण्याची कारणं मोजून दाखवेल. "दोन का नाही, पाच का?" असं विचारलं, की मुलीचं दहावीचं वर्ष, पोटातली जळजळ, दुकानदाराची उधारी एकेक करून बाहेर येतं. दुसरा प्रश्न खात्रीचा: ठरवलंच, तर जमेल असं किती वाटतं? महत्त्व आठ आणि खात्री तीन असेल, तर लिव्हरचं चित्र दाखवून उपयोग नाही. त्याला धोका आधीच कळलेला आहे. तिथे विचारायचं ते वेगळं. श्रावणात महिनाभर घेत नाही ना? वारीला जाताना माळ घातली, तेव्हा कसं निभावलं? मित्र आग्रह करत होते, त्यांना काय सांगितलंत? आपल्याकडे असे महिनाभराचे संयम घरोघर पाळले जातात, आणि भाद्रपद लागला की विसरले जातात. समुपदेशकाच्या दृष्टीने त्या माणसाला हे जमतं, याचा तो भक्कम पुरावा असतो.

हे सगळं डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांनीच करायचं, तर आपल्याकडे ते कुठून आणायचे? याचं उत्तर गोव्यात मिळालं. 'संगाथ' या संस्थेच्या विक्रम पटेल, अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. खोकला, ताप, गुडघेदुखी घेऊन आलेल्या पुरुषांना जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या 'ऑडिट' चाचणीतून पिण्याबद्दल विचारलं. चाळीसपैकी १२ ते १९ गुण मिळालेले, म्हणजे पिणं घातक झालेलं पण व्यसन बहुधा पूर्ण जडलेलं नाही, असे ३७७ जण चाचणीत आले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर समुपदेशन मिळालं: जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, केंद्रात किंवा घरी.

समुपदेशक कोण होते? मनोविकाराचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेली स्थानिक माणसं. बोलण्याचा पाया मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचा होता. आधी माणसाच्या पिण्याचा आढावा घेऊन तो त्याच्यापुढे ठेवायचा, मग नकार कसा द्यायचा, राग आणि चिंता कशी हाताळायची याचा सराव, आणि शेवटी पाय पुन्हा घसरला तर काय करायचं याची तयारी. समुपदेशक एकमेकांच्या भेटींचं रेकॉर्डिंग गटात बसून ऐकत आणि गुण देत. या भागाबद्दल कमी बोललं जातं, पण यशाचं मोठं श्रेय त्याला द्यावं लागेल. प्रशिक्षण संपल्यावर कुणी ऐकणारं नसेल, तर माणूस काही महिन्यांत उपदेशावर परत येतो.

पहिले निकाल २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं, न मिळालेल्यांत २६ टक्के. आदल्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के, विरुद्ध १८. वर्षभरानंतर फरक टिकला, उलट वाढला: धोक्याखाली आलेले ५४ टक्के, विरुद्ध ३२.

काही गोष्टी बदलल्या नाहीत, त्याही सांगायला हव्यात. जे पीत राहिले, त्यांचं रोजचं प्रमाण फारसं घटलं नाही. तीन महिन्यांच्या मोजणीत बुडालेल्या कामाच्या दिवसांत आणि बायकोवरच्या हिंसेतही फरक दिसला नाही. नवऱ्याची दारू उतरली की घरातली मारहाण आपोआप थांबेल, या आशेवर कुठल्याही बाईला थांबवून ठेवता येणार नाही. तिला वेगळी मदत लागते, आणि ती त्याच वेळी लागते.

अमेरिकेतल्या १७२६ लोकांवरच्या 'प्रोजेक्ट मॅच' या मोठ्या चाचणीतही १९९७ मध्ये थोड्या भेटींबद्दल गोव्यासारखंच आश्वासक चित्र दिसलं होतं. या पद्धतीवर बेतलेल्या चार भेटींचे निकाल इतर दोन उपचारांच्या बारा-बारा भेटींच्या जवळपास बरोबरीने उतरले.

मात्र प्रत्येक दारुड्याचा प्रश्न चार भेटींत सुटत नाही. ज्याचे हात सकाळी थरथरतात, ज्याला घोट घेतल्याशिवाय उभं राहवत नाही, त्याला आधी डॉक्टर लागतो. त्याने दारू अचानक तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या निवासी केंद्रांची गरज अशा लोकांना असते.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार, दारूचं व्यसन जडलेल्या ३८ भारतीयांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो. महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रांत केसपेपर काढला की रक्तदाब बघतात, साखर बघतात. त्याच वेळी दारूचे दहा प्रश्नही विचारावेत, आणि पुढचा अर्धा तास बोलायला गावातलाच एक प्रशिक्षित माणूस पगारावर नेमावा. ही मागणी जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत लावून धरायला हवी. तोवर ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १४४४६. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही, घरचं कुणीही करू शकतं.