गॅलरीतला मायाळू

पावसाळा लागला की मेथी-कोथिंबिरीची जुडी महागते, आणि सोडून बघावी तर निम्मी कुजकी! अशा दिवसांत घरचा पाला हाताशी असला, तर गृहिणीला केवढा आधार! आमच्या गोडदेव-भाईंदरच्या दमट हवेत मायाळूचा वेल अगदी सुखाने वाढतो. त्याला परसबागच हवी असेही नाही.

बाजारातून आणलेल्या मायाळूची पाने खुडा, पण जाड देठ फेकू नका. वीतभर तुकडा घेऊन, दोन पेरे मातीत जातील असा कुंडीत खोचा. कुंडी फूटभर खोल, तळाला भोक, मातीत थोडे शेणखत. गॅलरीच्या गजाला सुतळी बांधून द्या. वेल आपला आपण तिला वेढे घालत चढतो. ऊन मात्र ४-५ तास हवेच, आणि पाणी साचता कामा नये. शेंडा खुडलात की बाजूने फुटवे येतात. जितके तोडाल तितके मिळेल!

पानांची भजी करा, कोवळे देठ डाळीत घाला. यात ऑक्झॅलेट बरेच असते, तेव्हा घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शेवटी पिकलेली जांभळी फळे वाळवून डबीत ठेवा. पुढच्या वर्षीचे बी तेच!