शरीराची खतावणी

दीपावलीस आपण नव्या वहीचे पूजन करतो. जी रक्कम रोजकीर्दीत चढली नाही ती खतावणीत येत नाही, आणि जी खतावणीत नाही तिची वसुली होत नाही, हे व्यापारी बंधूंस सांगावयास नको. रुग्णालयातील नोंदपत्रासही हाच नियम लागू आहे, याचे मात्र आपणांस सहसा स्मरण राहत नाही.

पायाची धमनी चोंदली, मेंदूस रक्त पुरविणारी मानेतील धमनी अरुंद झाली, अथवा पोटातील महाधमनी फुगली, म्हणजे शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो. घरच्यांचे सारे लक्ष त्या एका अवयवावर खिळते. तथापि हा विकार बहुधा एकाच धमनीपुरता राहत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अशा १००० रुग्णांच्या हृदयधमन्यांची क्ष-किरण चित्रे घेण्यात आली. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पूर्णतः निर्दोष धमन्या शेकडा अवघ्या ८ जणांच्या निघाल्या. दुखणे पायाचे असले, तरी मोठे देणे पुष्कळदा हृदयाच्या खात्यावर असते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाची स्थिती आणि पूर्वीचा हृदयविकार वा पक्षाघात यांची नोंद अगत्याची होय. फ्रॅमिंगहॅम या अमेरिकन गावी १९४८ पासून चाललेल्या अभ्यासाने यांपैकी अनेक कारणे जगापुढे मांडली. नोंद झाली, तर भूल देणारे डॉक्टर सावध राहतात. कोलेस्टेरॉल उतरविणारे व रक्त गोठू न देणारे औषध योग्य वेळी सुरू होते. तंबाखू सोडविण्याचा यत्न होतो. नोंद राहून गेली, तर पाय वाचतो, पण रुग्ण पुढे हृदयविकाराने दगावण्याचे भय कायम राहते. कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. ‘मधुमेह नाही’ आणि ‘मधुमेहाविषयी विचारलेच नाही’ यांत महदंतर आहे.

यात दोष केवळ रुग्णालयांचा नाही. वडीलधाऱ्यांदेखत तंबाखूचे नाव काढावयास आम्ही संकोचतो. साखर ‘थोडीशीच’ आहे म्हणून सांगतो. पर्युषणातील उपवासात औषध परस्पर बंद केले, हे डॉक्टरांस कळवीत नाही. दुकानाच्या वहीत एक पैसा लपविणे ज्यांस कमीपणाचे वाटते, त्यांनी देहाच्या वहीत एवढी मोठी बाकी दडवावी, हे आम्हांस शोभत नाही.

यंदा वहीपूजनाच्या दिवशी प्रत्येक घरी आणखी एक पान लिहिले जावे, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे. त्यावर घरातील प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब, साखर, चालू औषधे, व्यसन आणि आईवडिलांचे विकार खरेखरे नोंदवावेत. रुग्णालयात जाताना ते पान बरोबर न्यावे, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन त्यांच्यापुढे ठेवावे.