ताज्या माराला गार, आखडल्या अंगाला शेक



बांधावरून उतरताना घोटा मुरगळला, की घरोघरी उपाय ठरलेला: तव्यावर फडकं तापवायचं, शेकायचं आणि गरम तेलानं चोळायचं. शेक चांगलाच, पण त्याची वेळ चुकली तर सूज वाढते आणि ऐन सुगीत माणूस घरी बसतो.

घोटा मुरगळतो तेव्हा आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. रक्त व पाणी झिरपून सूज येते. शेकानं तिथला रक्तपुरवठा आणखी वाढतो. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात, मज्जातंतू मंदावतात आणि ठणका कमी होतो. म्हणून पहिले दोन दिवस शेक नको, चोळणंही नको. माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं ठेवा. असं दिवसातून तीन-चार वेळा करा. पाय उशीवर उंच ठेवा. गारव्यानं दुखणं हलकं होतं. आतली इजा भरायला विश्रांतीच लागते.

पोतं उचलताना कंबरेत उसण भरली तर गोष्ट वेगळी. तिथं बहुधा स्नायू आखडलेला असतो. उबेनं त्यात रक्त खेळतं आणि तो सैल पडतो. अशा वेळी 15 ते 20 मिनिटं शेक द्या. आधी मनगटावर लावून पाहा. चटका बसला तर थांबा. उसण भरली म्हणून दिवसेंदिवस पडून राहू नका, थोडं थोडं चालत राहा.

आणखी एक लक्षात ठेवा. माघातल्या पहाटे ऊसतोडीला गेलं की बोटं कोयत्यावर नीट वळत नाहीत, कारण गारठलेला स्नायू हळू चालतो व त्याचा जोर कमी पडतो. म्हणून गार पट्टी काढून लगेच जड काम धरू नका. थंडीत आधी हातपाय हलवून अंग तापवा, मग कामाला लागा.

मधुमेहानं पाय बधिर असेल तर बर्फ वा शेक डॉक्टरांना विचारूनच घ्या. उघड्या जखमेवर शेक देऊ नका. पायावर भार देता येत नसेल, हाड वाकडं दिसत असेल, कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती जात असेल किंवा लघवी अडत असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता ताबडतोब दवाखाना गाठा.