तुरळक म्हणजे थोडा पाऊस नव्हे

जबलपूरहून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय महाराष्ट्रातल्या, इंदूर-बडोद्याच्या, हैदराबाद-बेळगावच्या सगळ्यांच्या कामाचा आहे. हवामान खात्याचा पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज वाचायचा कसा? मी हवामान खात्यातला नाही. शाळेत भूगोल शिकवला, एवढीच माझी पात्रता. आणि तरीही एकदा मीच हा अंदाज चुकीचा वाचला. तिथूनच सुरुवात करतो.

एप्रिलची अखेर होती. भाचीचं लग्न तिलवारा घाटाच्या बाजूला एका लॉनवर होतं. सकाळी बहिणीने विचारलं, "दादा, आज आंधी-पाण्याचं काय?" मी मोबाइलवर पत्रक पाहिलं. जबलपूर जिल्ह्याला पिवळा रंग होता आणि 'कहीं-कहीं' गडगडाट, विजा, सोसाट्याचा वारा असा मजकूर होता. मी म्हटलं, "काही नाही गं, कुठेतरी चार शिंतोडे पडतील."

संध्याकाळी पावणेसहाला पश्चिमेकडून धुळीची भिंत आली. दहा मिनिटांत मांडवाचे पाइप वाकले आणि त्यातला एक स्वयंपाकघरात मदतीला आलेल्या मुलाच्या खांद्यावर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. मुलगा पुढे बरा झाला, लग्नही लागलं. पण सकाळीच मी नीट सांगितलं असतं तर मांडववाल्याने दोर आवळले असते, वरचं कापड उतरवून ठेवलं असतं. पत्रक बरोबर होतं, वाचणारा चुकला होता.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे काय?

आमच्याकडच्या हिंदी पत्रकात 'कहीं-कहीं' असतं, महाराष्ट्रात 'तुरळक ठिकाणी' असतं. दोन्हींचा अर्थ एकच. त्या विभागातल्या १ ते २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि त्याहून जास्त असेल तर 'बहुतांश ठिकाणी'.

म्हणजे 'तुरळक' हा शब्द जागांबद्दल आहे, पावसाच्या जोराबद्दल नाही. जोराची मापं वेगळी आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. म्हणून 'तुरळक ठिकाणी अतिजोरदार पाऊस' हे वाक्य विचित्र वाटलं तरी त्यात विसंगती नाही. थोड्याच गावांत पडेल, पण जिथे पडेल तिथे धुऊन काढेल. आणि हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे मोजतात, हेही लक्षात ठेवा.

रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हातपाय हलवा. पिवळ्याचा अर्थ 'काही होणार नाही' असा मी घेतला, तिथेच फसलो.

जागा आधी का सांगता येत नाही?

उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते. नुसत्या उष्णतेने वादळ होत नाही, बाष्पही लागतं. ते आमच्याकडे बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून येतं. वरच्या थरात थंड हवा असली की ही बाष्पाची हवा झपाट्याने दहा-बारा किलोमीटर उंच चढते आणि गडगडाटी ढग तयार होतो. पाऊस आणि गारा खाली पडताना सोबतची हवा गार आणि जड करतात. ती हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. पावसाआधी धूळ घेऊन येणारा तो वारा हाच. आमच्या मांडवावर तोच आला.

आता गंमत बघा. उष्णता, बाष्प आणि वरची थंड हवा एकत्र येणार, हे दोन दिवस आधी कळू शकतं. पण असा एकेकटा ढग साधारण तासाभरात जन्मतो आणि मरतो. तो गोरखपूर बाजारावर फुटेल की अधारतालवर, हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. पातेल्यातलं पाणी उकळणार हे कळतं, पहिला बुडबुडा कुठे येईल ते कळत नाही.

म्हणून अंदाजाचे दोन पल्ले वेगवेगळ्या कामाचे. दोन-तीन दिवसांचा अंदाज तयारीसाठी असतो. मंडीत गहू उघड्यावर ठेवायचा की नाही, मांडव कसा बांधायचा, लांबचा प्रवास कधी करायचा, हे त्यावरून ठरवा. दुसरा असतो तात्कालिक अंदाज, जिल्हावार, पुढच्या ३ तासांचा. तो रडार, उपग्रह आणि विजा टिपणाऱ्या यंत्रणेवरून, म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेल्या ढगांवरून देतात. त्यावर लगेच हालचाल करायची. मी सकाळचं पत्रक पाहिलं आणि दिवसभर फोन खिशात ठेवला. पिवळा रंग सांगत होता की दुपारनंतर पुन्हा बघ. मी बघितलंच नाही.

उन्हाचा आकडा

मे महिन्यात आमच्याकडे लू चालते, मग २५ मेच्या सुमाराला नौतपा लागतो, म्हणजे आपलं रोहिणी नक्षत्र. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करताना पारा निदान ४० अंशांवर आणि नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावा लागतो. किंवा सरळ ४५ अंशांना पोहोचला तरी लाट. पण हे तापमान जमिनीपासून सव्वा मीटरवर, हवेशीर लाकडी पेटीत, सावलीत मोजलेलं असतं. पत्र्याच्या शेडखाली भजी तळणाऱ्याला त्याहून बरंच जास्त भाजतं. रात्रीचं किमान तापमानही बघत जा. रात्र गार झाली नाही तर दिवसभर तापलेल्या शरीराला विसावा मिळत नाही.

पाऊस मंडल्यात, पाणी ग्वारीघाटावर

पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं ओडिशा, छत्तीसगढ ओलांडून पूर्व मध्य प्रदेशात येतात. हे ढग मोठे, दिवसदिवस टिकणारे, त्यामुळे त्यांचा अंदाज उन्हाळी वादळापेक्षा भरवशाचा असतो. पण इथे आमचे लोक एक चूक करतात, फक्त जबलपूरचा अंदाज बघतात. नर्मदा अमरकंटकहून दिंडोरी, मंडला करत बरगी धरणात येते. तिकडे दोन दिवस झोडपलं की बरगीचे दरवाजे उघडतात आणि जबलपुरात ऊन पडलेलं असतानाही ग्वारीघाटाच्या पायऱ्या बुडतात. कोल्हापूर-सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. नदीकाठी राहणाऱ्याने आपल्या डोक्यावरचं आभाळ बघावंच, पण वरच्या अंगाच्या जिल्ह्याचा अंदाज आधी बघावा.

वीज

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. त्यात सर्वाधिक, ४९६, मध्य प्रदेशातली होती. वीज जास्त करून शेतात राबणाऱ्यालाच गाठते, आणि पाऊस आला म्हणून तो झाडाखाली जातो, नेमकं तिथे.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टापूतला विजेचा धोका दाखवतं. फोन नसेल तर आकडे मोजा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी लागले तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जा. उघडा ट्रॅक्टर चालणार नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. अगदी उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका.

माझी सवय

त्या लग्नापासून मी एक क्रम ठेवलाय. सकाळी पत्रकात रंग बघतो. मग दोन प्रश्न विचारतो, किती ठिकाणी आणि किती जोराचं? पिवळा किंवा त्यावरचा रंग असेल तर दुपारी दोननंतर दर तीन तासांनी तात्कालिक अंदाज पुन्हा उघडतो. दहा वेळा बघितलं तर सात-आठ वेळा आमच्या गल्लीत काहीच होत नाही. शेजारी हसतात. हसू देत. 'तुरळक ठिकाणी' म्हटलं की बहुतेकांच्या घरावर काही पडणार नाही हे ठरलेलंच आहे. आपलं घर त्या थोड्यांत येईल का, एवढंच माहीत नसतं.

गेल्या वर्षी पुतण्याचं लग्न होतं. मांडववाल्याला मी सकाळीच पत्रक वाचून दाखवलं. त्याने मुकाट्याने चार खुंट्या जास्त ठोकल्या. त्या दिवशी वारा आलाच नाही. जेवणं निवांत झाली.