विहाराच्या भिंतीतील तूस आणि खळ

पुण्याहून मळवलीला उतरून कार्ल्याची लेणी पाहावयास जाणाऱ्या उपासकाची दृष्टी प्रथम चैत्यगृहातील स्तूपाकडे वळते. ती थोडी वर नेली, तर छताला बसविलेल्या लाकडी कमानी दिसतात. सुमारे दोन हजार वर्षे त्या टिकून आहेत. लाकूड मुख्यतः सेल्युलोज व लिग्निन या पदार्थांचे बनलेले असते. असंख्य लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन त्यांची लांब साखळी होते, तिला 'बहुवारिक' म्हणतात. तूस, पेंढा, डिंक, पिठाची खळ, सरस आणि लाख यांतही अशी निसर्गनिर्मित बहुवारिके असतात. सिमेंटच्या युगानंतर जगभरचे संशोधक बांधकामासाठी त्यांचा पुन्हा विचार करीत आहेत. या विद्येची एक जुनी नोंद विनयपिटकात आहे, तिकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

चुल्लवग्गातील 'सेनासनक्खंधक' हा सहावा खंधक भिक्खूंच्या निवासासंबंधी आहे. विहाराच्या भिंतींना पांढरा, काळा व गेरूचा रंग देण्यास भगवंतांनी अनुमती दिली. परंतु खडबडीत भिंतीवर पांढरा रंग बसेना. तेव्हा 'थुसपिंड', म्हणजे तुसाचा गोळा, लावून तो 'पाणिके'ने, म्हणजे थापीने, सारखा करावा असे ठरले. तरीही रंग धरेना, म्हणून वर मऊ मातीचा थर आला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा 'इक्कास' म्हणजे झाडाचा चीक आणि 'पिट्ठमद्द' म्हणजे पिठाची खळ वापरण्यास संमती मिळाली. गेरूसाठी कोंडा मिसळलेली माती, मोहरीची पूड व मेणाचे तेल सांगितले आहे. अडचण आली, उपाय केला, तो अपुरा पडला, दुसरा शोधला. येथे कोठेही मंत्र नाही, मुहूर्त नाही. प्रत्यक्ष अनुभव हेच प्रमाण आहे.

या उपायांमागील कारणे आज सांगता येतात. ओली माती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. तुसाचे व गवताचे तंतू मातीच्या कणांना धरून ठेवतात, त्यामुळे भेग रुंदावत नाही. पीठ पाण्यात शिजविले की त्यातील स्टार्चचे कण फुगून चिकट होतात, आणि ही खळ रंगाच्या कणांना भिंतीशी बांधते. मेण बहुवारिक नव्हे, परंतु ते पाणी दूर ठेवते.

अजिंठ्याची चित्रे थेट पाषाणावर काढलेली नाहीत. तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर ती रंगविली आहेत. आपण ज्या पद्मपाणीसमोर नतमस्तक होतो, तोही अशाच गिलाव्याच्या आधाराने उभा आहे. मात्र या पदार्थांचा एक दोष आहे. जे वनस्पतीपासून आले, ते किडीचे अन्न होते आणि ओलही शोषते. अजिंठ्याच्या चित्रांची मोठी हानी किडींमुळे झाली आहे.

वेरूळचा अनुभव निराळा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात आपले संशोधन प्रसिद्ध केले. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे अंश आढळले. तेथील गिलावा किडीपासून बचावला, त्याचे श्रेय ते या वनस्पतीला देतात. ही वनस्पती अजिंठ्यात वापरलेली नाही, असेही त्यांनी नोंदविले आहे.

परंतु नैसर्गिक ते सर्व हितकारकच, असेही मानू नये. १९२० च्या दशकाच्या आरंभी निझाम सरकारने अजिंठ्याच्या जतनासाठी इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण दिले. लाख हीदेखील निसर्गाचीच देणगी, पण कालांतराने रोगण पिवळे पडले, चित्रे काळवंडली आणि पुढील पिढ्यांना तो थर काळजीपूर्वक काढावा लागला. उलट, मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंट थापल्यास आत ओल कोंडते आणि भिंत आतून ढासळू लागते. पदार्थ जुना की नवा, हा प्रश्न गौण आहे. तो कोठे, कशावर व कोणत्या हवेत वापरावयाचा, हे पारखणे महत्त्वाचे. विनयातील भिक्खूंनीही हेच केले.

कार्ल्याच्या एका शिलालेखात धेनुकाकट येथील सामी या सुताराचे नाव कोरलेले आहे. अजिंठ्यात तूस कालवून माती मळणाऱ्या हातांची नावे मात्र आपणास ठाऊक नाहीत. त्यांचे ज्ञान त्या गिलाव्यातच उरले आहे. म्हणून लेण्यांत गेल्यावर चित्राइतकाच त्याखालील मातीचाही आदर करावा. भिंतीला हात लावू नये आणि मुलांनाही तसे का, ते समजावून सांगावे. तूस मळणाऱ्या त्या श्रमिकांना हीच आपली खरी वंदना होय.